दुखण्यासाठी ट्रामाडॉल घेणाऱ्या माणसाची लघवीची ड्रग टेस्ट निगेटिव्ह आली, तर तो गोळ्या घेत नाही असं समजायचं का?

नाही. तुमच्या वडिलांना मणक्याच्या दुखण्यासाठी ट्रामाडॉल चालू आहे, लघवीच्या स्ट्रिपवर ओपिएट (अफूपासूनची औषधं) निगेटिव्ह आलं आणि आता भाऊ म्हणतो गोळ्या विकल्या जातायत, असं तुम्ही लिहिलंय. वडील बहुतेक खरंच बोलतायत. ओपिएटची साधी स्ट्रिप मॉर्फिन आणि कोडीन ओळखायला बनवलेली असते. ट्रामाडॉल, फेंटानिल, मेथाडोन ही कारखान्यात बनणारी वेदनाशामकं तिला दिसत नाहीत, त्यांच्या स्ट्रिप वेगळ्या. घाई असेल तर इथंच थांबा. मला मात्र पुढचं लिहायचंच आहे, कारण अशाच एका स्ट्रिपपायी मी चोर ठरले होते.

सासूबाईंचा स्तनाचा कॅन्सर मणक्यात उतरला होता. जन्मभर विड्या वळलेली बाई. दुखतंय म्हणायच्या नाहीत, कूस बदलताना पदर दातांत धरायच्या. आधी मॉर्फिनच्या गोळ्या होत्या, पण किडनीचे रिपोर्ट बिघडले तसा फेंटानिलचा पॅच, म्हणजे कातडीवर चिकटवायची औषधाची पट्टी आली, दर 72 तासांनी बदलायची. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये घामानं त्याच्या कडा सुटायच्या. शिवाय अंग तापलं की औषध जास्त वेगानं उतरतं, म्हणून कूलर त्यांच्या खाटेला आणि आम्ही सगळे गच्चीवर. वापरलेल्या पॅचमध्येही औषध उरतं. तो चिकट बाजू आत करून दुमडायचा आणि डब्यात कुलूपबंद ठेवून मोजून परत द्यायचा, हे सगळं मीच करायचे.

मग दुसऱ्या एका दवाखान्यात दाखवायला गेलो. तिथं आधी लघवी तपासतात. सोबत पुण्याहून आलेल्या मोठ्या नणंदबाई. लॅबचा पोरगा स्ट्रिप हातात धरून बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ओपिएट निगेटिव्ह." या स्ट्रिपचं उलटं असतं, रेघ उमटली की निगेटिव्ह. रेघ ठळक होती. नणंदबाईंनी माझ्याकडे बघून विचारलं, "मग पॅच जातात कुठं?"

डॉक्टर काही बोलले नाहीत, कागदावर लिहीत राहिले. मी सासूबाईंच्या दंडावरचा पॅच दाखवला, वरच्या चिकटपट्टीवर माझ्या अक्षरात तारीख होती. "येताना लावला असशील," नणंदबाई म्हणाल्या. सासूबाई म्हणत होत्या, "अगं, तीच लावती गं," पण त्यांचं ऐकतंय कोण!

तोच नमुना पक्क्या तपासणीला पाठवा म्हणून मी हटून बसले. ही मास स्पेक्ट्रोमेट्रीनं (रेणूच्या वजनावरून औषध ओळखणाऱ्या यंत्रानं) होते, पैसे जास्त पडतात, रिपोर्ट उशिरा येतो. आला, त्यात फेंटानिल होतं आणि नॉरफेंटानिलही. हे दुसरं महत्त्वाचं. फेंटानिल अंगात मोडून ते तयार होतं. कुणी कपात नुसतं औषध कालवलं तर मूळ औषध सापडतं, नॉरफेंटानिल नाही. मी तो रिपोर्ट लॅमिनेट करून नणंदबाईंपुढे ठेवला. त्या म्हणाल्या, "आम्ही कुठं काय म्हणालो?"

हे वाचत असतील तर वाचू देत.

माझं मत स्पष्ट आहे. आपल्या स्ट्रिपला काय दिसतं हे ज्या डॉक्टरला ठाऊक नाही, त्यानं टेस्ट करूच नये आणि केली तर निकाल चारचौघांत वाचू नये. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेनं 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलंय की नुसत्या अशा टेस्टवरून रुग्णाचे उपचार बंद करू नका. आपल्याकडे 2018 मध्ये ट्रामाडॉल एनडीपीएस या अंमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं, तेव्हापासून डॉक्टर धास्तावलेत, ते मी समजू शकते. पण ती धास्ती घरातल्या सुनेवर किंवा म्हाताऱ्या बापावर काढायची नसते.

टेस्ट अगदीच फालतू आहे असं नाही. कुणी ट्रामाडॉलवर झोपेच्या गोळ्या घेत असेल, तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. ते डॉक्टरला कळलंच पाहिजे. उलट बाजूही सांगते. खसखशीत मॉर्फिनचा अंश असतो, दिवाळीचे अनारसे खाऊनही स्ट्रिप पॉझिटिव्ह येऊ शकते. यापायीच अमेरिकेत नोकरीच्या सरकारी चाचण्यांची मर्यादा 1998 मध्ये लघवीच्या दर मिलिलिटरला 300 वरून 2000 नॅनोग्रॅमवर नेली. लेव्होफ्लॉक्सासिनसारखी अँटिबायोटिकंही घोळ घालतात. आणि लघवीतल्या आकड्यावरून किती गोळ्या घेतल्या हे कुणालाच सांगता येत नाही, कितीही मोठा डॉक्टर असो.

तेव्हा ट्रामाडॉलची वेगळी तपासणी मागा आणि शेवटची गोळी कधी घेतली ते फॉर्मवर लिहा. एक मात्र आहे, 'दुखलं तरच घ्या' असं सांगितलेलं असेल आणि वडिलांनी चार दिवस घेतलीच नसेल, तर तीही निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून भावाला आधी पाकिटातल्या उरलेल्या गोळ्या मोजायला लावा.