न्यूयॉर्क की लंडन: वकिलांचा पगार महागाईला पुरतो का?

समजा तुमचा बेत असा आहे: पुण्याच्या आयएलएस लॉ कॉलेजची पदवी, पुण्या-मुंबईत चार वर्षं कॉर्पोरेटचं काम, आता एलएलएम (कायद्यातली पदव्युत्तर पदवी) करून न्यूयॉर्क नाहीतर एसक्यूई (इंग्लंडमध्ये सॉलिसिटर, म्हणजे वकील, होण्याची परीक्षा) देऊन लंडन. आणि प्रश्न, मोठ्या फर्ममधले पगार महागाईबरोबर वाढतात का? वाढतात, पण दरवर्षी नाही. कित्येक वर्षं जागचे हलत नाहीत आणि मग एकदम उडी मारतात. त्यामुळे मोजायला कुठून सुरुवात करता, यावर उत्तर फिरतं.

न्यूयॉर्कचं बघा. मोठ्या फर्ममधल्या पहिल्या वर्षाच्या असोसिएटचा (पगारी कनिष्ठ वकिलाचा) मूळ पगार २००० साली १,२५,००० डॉलर होता, जानेवारी २००७ मध्ये १,६०,००० झाला, आणि मग जून २०१६ पर्यंत तिथेच. २०१६ मध्ये क्रॅव्हाथ या न्यूयॉर्कच्या बड्या फर्मने तो १,८०,००० केला तेव्हा केवढा गाजावाजा झाला! पण अमेरिकेचा ग्राहक किंमत निर्देशांक लावला तर २००७ चे १,६०,००० तोवर १,९०,००० व्हायला हवे होते. पुढे २०१८ ला १,९०,०००, २०२१ ला २,०५,०००, २०२२ ला २,१५,००० आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये २,२५,०००. २००७ पासून मोजलं तर त्या महिन्यात २,४२,००० हवे होते, म्हणजे १७,००० ची तूट. २००० पासून मोजलं तर जवळपास बरोबरी. १९६८ चे १५,००० धरले तर आजचा पगार महागाईच्या कितीतरी पुढे. तेव्हा कोणी छातीठोकपणे काहीही सांगितलं तरी आधी आधारवर्ष विचारा.

यात एक गोम आहे. श्रेणी, म्हणजे कितव्या वर्षाला किती पगार याचा तक्ता, गोठली तरी माणूस पायऱ्या चढतच असतो, म्हणून झळ जाणवत नाही. २०२३ च्या श्रेणीत पहिलं वर्ष २,२५,०००, दुसरं २,३५,०००, तिसरं २,६०,०००, चौथं ३,१०,००० आणि आठवं ४,३५,०००. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना वाढ साडेचार टक्क्यांच्याही आत; खरी चढण तिसऱ्या-चौथ्या वर्षाला. नेमकं तिथेच आपल्याकडच्या लोकांचं नुकसान होतं, कारण भारतातला अनुभव बहुतेक फर्म पूर्ण धरत नाहीत. चार वर्षं काम करून गेलात तरी पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षाला बसवतात. महागाईच्या दोन-तीन टक्क्यांपेक्षा हा फटका फार मोठा, आणि घासाघीस करायची तर ती इथेच. मूळ पगारावर बोलून उपयोग नाही, तो सगळ्यांना सारखाच असतो.

हातात काय येतं? २,२५,००० वर फेडरल, राज्य आणि शहर असे तिन्ही कर आणि सोशल सिक्युरिटी वगैरे कापून महिन्याला साधारण १२,००० डॉलर. घरमालक वार्षिक उत्पन्न महिन्याच्या भाड्याच्या चाळीसपट मागतात, म्हणजे कागदावर ५,६२५ पर्यंतचं घर मिळू शकतं. तेवढ्यापर्यंत जाऊ नका.

लंडनचं चित्र उलटं आहे. तिथल्या मोठ्या ब्रिटिश फर्मनी नवीन सॉलिसिटरचा पगार २०२४ मध्ये १,५०,००० पौंडांवर नेला. २००८ च्या आसपास तो साठ-पासष्ट हजारांत होता, म्हणजे वाढ महागाईच्या बरीच पुढे. पण कराच्या पायऱ्या तिथे गोठवलेल्या आहेत. अमेरिकेत फेडरल कराचे टप्पे दरवर्षी महागाईप्रमाणे सरकतात. ब्रिटनमध्ये १,००,००० पौंडांची मर्यादा २०१० पासून जिथल्या तिथे. त्यापुढे करमुक्त रक्कम हळूहळू काढून घेतात आणि १,२५,१४० ला ती शून्य होते. त्या पट्ट्यात प्रत्यक्ष दर ६० टक्के, वर नॅशनल इन्शुरन्सचे (सामाजिक सुरक्षेच्या कपातीचे) २. म्हणजे पगार १,००,००० वरून १,२५,००० झाला तर २५,००० पैकी तुमचे ९,५००. पेन्शनमध्ये जास्त पैसे टाकून हा पट्टा थोडाफार टाळता येतो. १,५०,००० वर, पेन्शन न धरता, हातात महिन्याला सुमारे ७,६०० पौंड.

आता रुपयांचा गुणाकार, जो लॉ कॉलेज रोडवरच्या प्रत्येक टपरीवर चालतो. २००७ ला डॉलर ४४ च्या आसपास, तेव्हा १,६०,००० म्हणजे ७० लाख. २०२३ च्या शेवटी ८३ धरून २,२५,००० म्हणजे १ कोटी ८७ लाख. अडीचपटीहून जास्त! पण त्याच काळात आपल्याकडच्या किमती साधारण तिप्पट झाल्या. कोथरूडच्या फ्लॅटचा हप्ता तिथून फेडायचा असेल तर पडत्या रुपयाचा फायदा आहेच, पण त्याला पगारवाढ समजू नका.

खर्चाची बाजू: न्यूयॉर्कच्या चांगल्या कॉलेजात एलएलएमला फी आणि राहणं धरून एक लाख डॉलरच्या वर जातात. एसक्यूईच्या दोन्ही परीक्षांची फी मिळून पाच हजार पौंडांच्या जवळ, शिकवणी वेगळी. पैशाचा धोका लंडनच्या वाटेवर उघडच कमी आहे, फक्त मॅजिक सर्कलमध्ये (लंडनच्या पाच अव्वल फर्ममध्ये) जागा मिळणं वेगळं.

ऑफर हातात आली की चार गोष्टी लेखी विचारा: कितव्या वर्षाची श्रेणी, बाकीच्या फर्मनी श्रेणी वाढवली तर तुम्हीही वाढवता का, पहिल्या वर्षाचा बोनस किती महिन्यांच्या हिशेबाने, आणि त्याला तासांची अट आहे का. चौथी लोक विसरतात. बिल करायचे १,९०० किंवा २,००० तास भरले नाहीत तर काही फर्म बोनस कापतात, आणि मंदीत काम मिळणं तुमच्या हातात नसतं.

अमेरिकेसाठी आणखी एक. कायदा स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) धरत नाहीत, म्हणून ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतर तिथे काम करायची परवानगी, एकच वर्ष, पुढे एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची लॉटरी. नंबर नाही लागला तर काही फर्म लंडन किंवा सिंगापूरच्या ऑफिसात पाठवतात. तिथे पगार न्यूयॉर्कच्या श्रेणीने देणार की तिथल्या, हे सही करण्याआधीच ईमेलवर घेऊन ठेवा.