संगणकाच्या वर्गात एक दृष्टिहीन मुलगी आणि हाताची बोटं नीट न वळणारा एक मुलगा आहे. त्यांना प्रोग्रामिंग कसं शिकवू?

तुम्ही लिहिलंय की वर्ग आठवीचा आहे, सुरुवात स्क्रॅचने, म्हणजे आज्ञांचे ठोकळे (ब्लॉक) जोडून प्रोग्राम बनवायच्या साधनाने, करणार आहात आणि या दोघांना त्याऐवजी नुसतं टायपिंग शिकवावं असं मनात येतंय. कृपया तसं करू नका. बाकीच्यांना शिकवाल तेच प्रोग्रामिंग या दोघांनाही शिकवा. बदलायचं ते फक्त साधन.

स्क्रॅचचा सगळा डोलारा माउसने ब्लॉक ओढून जोडण्यावर उभा आहे. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरच्या हाती तिथे फारसं काही लागत नाही. बोटं साथ देत नसतील, तर ब्लॉक उचलून, धरून ठेवून, नेमक्या जागी सोडण्यातच तास संपतो. पण त्या तासाला शिकवायचं होतं लूप, म्हणजे तीच कृती पुन्हा पुन्हा करून घेणं, आणि ब्लॉक ओढणं हा काही लूपचा भाग नाही. म्हणून प्रत्येक धडा तयार करताना मी स्वतःला विचारते: यातली कल्पना कोणती आणि साधनाने वरून लादलेलं काम कोणतं? लादलेलं काम काढून टाकता येतं.

मुलीला थेट लिहायच्या भाषेपासून सुरुवात करून द्या. पायथन चालेल, आणि एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मोफत मिळतो. अडचण येते ती इंडेंटेशनची, म्हणजे ओळ डावीकडून किती आत सुरू होते याची; पायथनमध्ये कोणती ओळ कोणत्या भागातली हे त्यावरूनच ठरतं. ओळ किती आत सरकली आहे हे आपल्याला दिसतं, तिला ते ऐकू यायला हवं. एनव्हीडीएच्या डॉक्युमेंट फॉरमॅटिंगच्या सेटिंगमध्ये इंडेंटेशन बोलून किंवा सुरातून सांगण्याची सोय आहे. ओळ जितकी आत, तितका सूर वर चढतो. हे सुरू न करता पायथन शिकवलं तर मूल उगाचच रडकुंडीला येतं. क्वोरम ही भाषाही बघा. स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांचा विचार तिच्यात पहिल्यापासून आहे, आणि 'रिपीट'चा, म्हणजे लूपचा, भाग जिथे संपतो तिथे 'एंड' असा शब्दच येतो.

माझी स्वतःची सवय मोडायला मात्र मला वेळ लागला. एकदा एका मुलीच्या प्रोग्राममध्ये कंस राहिला होता. मी पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, "हे बघ, इथे चुकलंय." ती क्षणभर थांबली आणि शांतपणे म्हणाली, "बाई, 'इथे' म्हणजे कितव्या ओळीत?" त्या दिवसापासून मी 'ओळ ७, प्रिंटनंतरचा कंस' असंच बोलते. फळ्यावर लिहितानाही प्रत्येक चिन्ह तोंडाने म्हणते. मागच्या बाकांवरच्या मुलांच्या चुकाही त्यामुळे कमी झाल्या.

सॉर्टिंगसाठी, म्हणजे लहान-मोठा क्रम लावायला शिकवण्यासाठी, माझा सगळ्यात आवडता धडा संगणकाशिवायचा आहे. सारख्या आकाराचे आठ बंद डबे घ्या, प्रत्येकात वेगवेगळं वजन भरा आणि साधा तराजू ठेवा. आकडे लिहिलेली कार्डं दिली की डोळस मुलं एका नजरेत सगळ्यात लहान आकडा शोधतात आणि अल्गोरिदम, म्हणजे पायरीपायरीने करायची ठरलेली रीत, कशाला हवा हेच त्यांना कळत नाही. संगणकाला अशी एक नजर नसते, तो एका वेळी दोनाचीच तुलना करतो. डबे समोर आले की सगळा वर्ग एका पातळीवर येतो. कुणालाच काही दिसत नाही, तुलना मोजाव्याच लागतात. इथे त्या मुलीसाठी वेगळं काहीच करावं लागत नाही, आणि धडाही जास्त चांगला होतो.

फ्लोचार्ट, म्हणजे प्रोग्रामच्या पायऱ्यांची आकृती, जाड पुठ्ठ्यावर दोरा चिकटवून करा, किंवा पायऱ्यांना क्रमांक देऊन शब्दांत लिहून द्या.

मुलासाठी विंडोजमध्ये स्टिकी कीज सुरू करा, म्हणजे शिफ्ट आणि दुसरी कळ एकदम दाबावी लागत नाही. शब्द आपोआप पूर्ण करणारा एडिटर द्या. सरावासाठी प्रोग्रामच्या ओळी उलटसुलट करून, क्रमांक घालून द्या. त्याने फक्त '३, १, ४, २' असा योग्य क्रम लिहायचा. टायपिंग नाममात्र, विचार पूर्ण. जोडीने काम दिलंत तर लक्ष ठेवा. जोडीदार भराभर टाइप करून मोकळा होतो आणि हा नुसता बघत राहतो, असं फार सहज घडतं. 'त्याने सांगितल्याशिवाय एकही अक्षर टाइप करायचं नाही' हा नियम मी ठेवते, आणि मग दोघं खरोखर बोलू लागतात.

परीक्षेत जास्तीचा वेळ द्या. कानाने प्रोग्राम वाचणारीला चूक शोधायला ओळ अन् ओळ पुन्हा ऐकावी लागते.

पहिल्या तासाआधी घरी एकदा माउस बाजूला ठेवा, मॉनिटर बंद करा, एनव्हीडीए लावा आणि स्वतःचाच धडा करून बघा. जिथे अडाल ते खाली लिहा, मी उत्तरात भर घालेन.