सामूहिक वनहक्क : वाचकांचे चार प्रश्न

आमच्या गावात संयुक्त वनव्यवस्थापन समिती आहे. मग सामूहिक वनहक्काचा वेगळा दावा कशाला? (कुरखेडा तालुका)

समिती नीट चालत असेल तर ती मोडा असं मी म्हणणार नाही. पण दोन्हींचा पाया वेगळा आहे. संयुक्त वनव्यवस्थापन १९९० च्या केंद्राच्या परिपत्रकातून आलं. त्यात जंगल वनखात्याचं आणि गाव मदतीला. सामूहिक वनहक्क २००६ च्या वनहक्क कायद्याने मिळतो. जंगल राखायचा, वाढवायचा आणि त्याचा कारभार करायचा अधिकार ग्रामसभेकडे येतो. साहेबांची बदली झाली म्हणून तो जात नाही.

गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरांवर हा हक्क मिळाला. तरी बांबू विकायची वेळ आली तेव्हा वाहतूक परवाना कोणी द्यायचा, यावर घोडं अडलं. एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं, तेव्हा वाट मोकळी झाली. २०१२ च्या नियमदुरुस्तीने हा परवाना ग्रामसभेच्या समितीकडेच आला. वनरक्षकाशी मात्र वैर धरू नका. बांबूची मोजणी, रोपवाटिका, वणवा, या सगळ्यांत त्याचा अनुभव हवाच. त्याला सभेला बोलवा, त्याचं ऐका आणि निर्णय तुम्ही घ्या.

शेजारचं गाव म्हणतं, नाल्यापलीकडचं जंगल त्यांचं. दावा अडकला आहे. (कोरची तालुका)

कचेरीत जायच्या आधी जंगलात जा. दोन्ही गावांच्या वनहक्क समित्यांनी (ग्रामसभेने दावे तपासायला निवडलेल्या) एकत्र बसून कोण कुठे काय गोळा करतं, गुरं कुठे चारतं, हे तपासायचं आणि आपापल्या ग्रामसभेला लेखी कळवायचं, असं वनहक्क कायद्याच्या नियम १२ मध्येच आहे. दोन्ही सभांना तोडगा निघाला नाही तरच प्रकरण उपविभागीय समितीकडे जातं. माझा आग्रह असा की शिवारफेरीला गुराखी आणि मोहफुलं वेचणाऱ्या म्हाताऱ्या बाया हव्यातच. कोणत्या दगडाला काय नाव, कोणत्या झाडाखाली कोणाची पाटी असते, हे त्यांना तोंडपाठ असतं. बरेचदा असं दिसतं की तो तुकडा दोन्ही गावं वापरतात. मग ओढून रेघ मारू नका, सामायिक वापर लिहून घ्या.

तेंदूपत्ता आणि मोहाच्या हंगामात दरवर्षी वणवा लागतो. काय करावं? (एटापल्ली तालुका)

जाळरेषा काढा, पाळीने राखण ठेवा. पण आग का लावली जाते ते आधी मान्य करू या: मोहाखालचा पाचोळा जाळला की फुलं वेचायला सोपी जातात आणि जळीत झालं की तेंदूला कोवळी पानं चांगली फुटतात, असा समज आहे. मोहाखाली झाडून घेतलं किंवा जुनी जाळी अंथरली तरी काम भागतं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने तर याहून मोठं पाऊल उचललं. तेंदू तोडल्याने झाडाचं नुकसान होतं, आगी लागतात, म्हणून ग्रामसभेने पत्त्याची तोडणीच बंद केली आणि बांबूवर भर दिला. ज्या गावाचा उन्हाळा तेंदूवरच निघतो त्याने लगेच हे करावं, असं मी सांगणार नाही. आधी दुसरी मजुरी उभी राहू द्या.

बांबूचे पैसे आले आणि गावात भांडणं सुरू झाली. (धानोरा तालुका)

पैसे येण्याआधी नियम ठरवायला हवे होते, आता तरी ठरवा. ग्रामसभेच्या नावाने बँकेत खातं, सह्या किमान दोघांच्या, त्यातली एक बाईची. दर महिन्याला हिशेब सभेत मोठ्याने वाचा, भिंतीवर लिहा. मजुरी आधी, मग जंगलाच्या कामाचा वाटा, उरलेल्यातून गावाची कामं. बांबू किती काढायचा याचाही ठराव हवा: त्या वर्षीचे कोवळे कोंब आणि कच्चे बांबू बेटात राहू द्या, पक्केच तोडा. मेंढा (लेखा) गावात मतदानाने नव्हे, सर्वसहमतीने ठरतं; एकाचीही हरकत असली तर चर्चा पुढच्या सभेला जाते. वेळ लागतो. पण तुमच्याकडे आज हिशेबावर जी माणसं ओरडताहेत, त्यांनाच पुढच्या सभेत हिशेब तपासायला बसवा.