मधेच टाळी वाजवली, चुकलं का?

प्रश्न : लेकीनं मुंबईत बीथोव्हनची पाचवी सिम्फनी, म्हणजे वाद्यवृंदाची मोठी रचना, ऐकायला नेलं. पहिला भाग थांबला तशी मी जोरात टाळी वाजवली. पुढच्या बाईंनी वळून पाहिलं! आमच्या झाडीपट्टीच्या नाटकात तर गाण्याला वन्स मोअर मिळतो. चुकलं का माझं?
– एक शेतकरी, लाखांदूर, जि. भंडारा

उत्तर : काका, लाजू नका. १८०८ मध्ये व्हिएन्नात ही सिम्फनी पहिल्यांदा वाजली, त्या काळी भागांच्या मधे टाळ्या पडतच. गप्प बसायची शिस्त नंतरची. भाग चार, तिसऱ्यातून चौथ्यात तर न थांबताच शिरतात, मोजणारा फसतोच. वादकांना हातानं इशारे देणारा कंडक्टर हात खाली करून आपल्याकडे वळेपर्यंत आपले हात मांडीवर. सुरुवातीला ओबो हे फुंकून वाजवायचं वाद्य एक सूर धरतं, बाकीचे त्यावर वाद्यं जुळवतात. त्यालाही टाळी नको. मी दिली होती, एकट्यानं.