ऑगस्टमध्ये बेळगावला येतोय. एका दिवसात गोकाकचा धबधबा आणि हलशीचं देऊळ दोन्ही होईल का? आणि झुलता पूल ओलांडला नाही तर गोकाक पाहिलंच नाही म्हणतात, ते खरं का?

एका दिवसात दोन्ही होणार नाही. गोकाक बेळगावच्या ईशान्येला 60-65 किलोमीटर, आणि हलशी बरोबर उलट्या अंगाला, खानापूर-नंदगडाकडं. नकाशावर बोट ठेवून "जवळच तर आहे" म्हणणारे पाहुणे आमच्याकडं दर पावसाळ्यात येतात आणि निम्मा दिवस गाडीत बसून करदंट (गोकाकची डिंक-सुकामेव्याची मिठाई) खातात.

पण मी लिहायला बसलो ते तुमच्या दुसऱ्या प्रश्नामुळं. हे वाक्य मी 1989 पासून ऐकतोय.

आमची आत्या गोकाकला धबधब्याजवळच्या सूतगिरणीच्या चाळीत राहायची, आतोबा गिरणीत कामाला. त्या वर्षी आखाडात आईबरोबर खानापूरहून मीटरगेजच्या पॅसेंजरनं घटप्रभेला उतरलो, पुढं एसटी. मी तेरा वर्षांचा, आतेभाऊ पंधराचा. रात्रभर झोप नाही, कारण धबधब्याचा आवाज भिंतीतून यायचा. घरातल्यांना तो ऐकूही येत नव्हता. "कसला आवाज?" म्हणून आत्यानं मलाच विचारलं.

सकाळी आतेभाऊ म्हणाला, "चल की गा, पूल दाखवतो." गेलो. पूल 201 मीटर लांब, खालच्या खडकापासून 14 मीटर उंच. हे आकडे मला पुष्कळ वर्षांनी कळले. तेव्हा दिसलं ते एवढंच : तारा, लाकडी फळ्या, आणि फळ्यांच्या फटीतून तांबडं पाणी. चार पावलं खाली बघत चाललात की पाणी थांबतं आणि पूलच वरच्या अंगाला पळायला लागतो. तरी निम्म्यापर्यंत गेलो होतो, हे लक्षात घ्या. तेवढ्यात गिरणीची पाळी सुटली. पलीकडून माणसं पुलावर आली, डबे हलवत, बिड्या ओढत, एकमेकांना हाका मारत. त्यांचा तो रोजचा रस्ता. त्यांच्या पावलांनी फळ्या खालीवर व्हायला लागल्या आणि मी तारेला मिठी मारून खाली बसलो. आतेभाऊ तोवर पलीकडं पोचून शिट्ट्या मारत होता. एका कानडी मामांनी डबा दुसऱ्याकडं दिला, वाकून "हेदरब्याड तम्मा" (भिऊ नको, बाळा) म्हणाले, माझी बोटं एकेक करून सोडवली आणि मला अलीकडं आणून सोडलं. मी डोळे उघडले ते पायाला चिखल लागल्यावर.

तेव्हापासून लग्न असो, बारसं असो, एकदा तर तेराव्याच्या जेवणात, आतेभाऊ माझी ओळख करून देतो : "हा निम्मं गोकाक बघितलेला."

आता माझं ऐका. पुलावरून धबधबा दिसतच नाही! पूल आहे धबधब्याच्या माथ्याशी, वरच्या अंगाला. घटप्रभा तिथं 52 मीटर खाली कोसळते, कडा घोड्याच्या नालेसारखा वाकडा आहे, आणि ते सगळं दिसतं समोरून. पुलावर उभं राहिलात तर पाणी कडेपर्यंत जाताना दिसतं आणि पुढं नाहीसं होतं, बस्स. गिरणीच्या लोकांना तो कामाला जायचा पूल होता. 1887 पासून ही गिरणी याच पाण्याच्या जोरावर चालली. पाणी नळांतून खाली सोडून चक्रं फिरवायचे. त्यांच्या कामाच्या वाटेवर सेल्फी काढायला गेलं नाही म्हणून कुणाचं काही निम्मं राहत नाही.

दोन वर्षांपूर्वी आतेभावाला मुद्दाम समोरच्या बाजूला नेलं. पाऊस मोप झाला होता, धबधबा भरून वाहत होता. म्हटलं, "पुलावरून हे दिसलं होतं काय तुला?" बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, "नाही दिसलं. खरं, मी पलीकडं गेलो होतो की."

असो. ऑगस्ट बरोबर निवडलात. उन्हाळ्यात तिथं नुसता खडक असतो. वर हिडकलचं धरण आहे, ते भरून पाणी सोडलं की धबधबा बघावा. धबधब्याच्या काठावरचं महालिंगेश्वराचं जुनं देऊळ चुकवू नका, लोक त्याच्याकडं पाठ करून फोटो काढतात. वेळ उरला तर जवळच गोडचिनमलकीला मार्कंडेय नदी दोन टप्प्यांत पडते. उंची कमी आहे, पण मला तोच जास्त आवडतो. तिथं पूल नाही.

हलशीला दुसरा दिवस द्या. माझ्या तालुक्यातलं आहे म्हणून सांगत नाही (म्हणूनच सांगतोय). ही कदंब राजांची पलाशिका, हलशीचं जुनं नाव ते. भूवराह-नरसिंहाच्या देवळात दोन गाभारे समोरासमोर, म्हणजे एका देवाला नमस्कार करताना दुसऱ्याकडं पाठ होतेच. नरसिंहाची स्थापना 1169 सालची, तसा शिलालेख आहे. आमच्या शाळेची सहल दरवर्षी गोव्याला गेली, तासाभरावरच्या हलशीला एकदाही नाही. पण तो वेगळा वाद आहे.

राहिलं ते : पुराच्या दिवसांत पूल बंद ठेवलेला असेल तर तिथल्या माणसाशी हुज्जत घालू नका. 2019 च्या ऑगस्टात घटप्रभेचं पाणी गोकाक गावात शिरलं होतं, ही नदी चेष्टेची नाही. कडेच्या खडकांवर शेवाळ असतं, पोरांचा हात सोडू नका. आणि पूल उघडा असला, तुम्हाला भीती वाटत नसली, तर जा की, मी कोण नको म्हणणार? फक्त पाळी सुटायची वेळ विचारून घ्या. निम्म्याच्या पुढचं मात्र मला विचारू नका.