ओळख या विषयावर मिक्स मीडियात (रंग, कागद, फोटो असं एकत्र वापरून) माणसं रंगवायचीत, कोणाचं काम बघू?
नजिडेका अकुन्यिली क्रॉस्बीचं बघा आधी. बाई १९८३ ला नायजेरियात एनुगूला जन्मली, राहते लॉस एंजेलिसला, अन् दोन्ही घरं एकाच चित्रात आणते, लांबून नुसती बसलेली माणसं, टेबल, खुर्ची दिसते पण जवळ गेलं की अंगावर, भिंतीवर, फरशीवर घरच्या अल्बममधले अन् नायजेरियातल्या मासिकांतले बारीक बारीक फोटो उमटवलेले. हे उमटवणं मी संभाजीनगरला करून बघितलंय, फोटोची झेरॉक्स चित्राच्या कागदावर पालथी ठेवायची, मागून ॲसिटोनचा बोळा फिरवायचा अन् चमच्यानं घासायचं. फक्त इंकजेट प्रिंट घेऊ नका, त्याची शाई अशी उतरत नाही, झेरॉक्स नाहीतर लेझरच पाहिजे (अन् खिडकी उघडी ठेवा, वास डोक्यात जातो). फोटो मात्र आपलेच घ्या, लग्नाचे अल्बम, उरसाची पत्रकं घरात पडलेली असतीलच.