बसायची परवानगी

थंडी पडू लागली की माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्यांच्या बोलण्यात एक तक्रार हमखास असते. "मॅडम, दिवस कुठे जातो तेच कळत नाही. सकाळी फिरायला जायचं ठरवते, जमत नाही. मग ऑफिस, बाजार, मुलांचं, घरच्यांचं. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की वाटतं, आजही काहीच झालं नाही." बोलणारी कधी जिल्हा परिषदेच्या शाळेतली शिक्षिका असते, कधी बँकेतला अधिकारी, कधी पुण्याहून ऑनलाइन बोलणारा आयटीतला मुलगा. शेवटची विनंतीही ठरलेली असते, "मला वेळेचं नियोजन शिकवा."

यांतल्या बहुतेकांना नियोजन छान येतं, असा माझा अनुभव आहे. त्यांच्या मोबाइलमध्ये याद्या असतात, फ्रिजवर वेळापत्रक असतं. दुखणं वेगळ्या जागी असतं, आणि ती जागा मला सर्वांत स्पष्ट दिसली ती एका गृहस्थांच्या बाबतीत. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय सेहेचाळीस. राहायला नाशिकरोडला, नोकरी सातपूरच्या एका कारखान्यात, गुणवत्ता तपासणी विभागात. घरी पत्नी (त्याही नोकरी करतात), दहावीतली मुलगी, धाकटा मुलगा आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांचे वडील. तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ६.२ आली होती, म्हणजे मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं. त्यांनी पहाटे साडेपाचचा गजर लावला, नवे बूट आणले, आणि पहिले पाच-सहा दिवस सोडले तर ते बूट दाराशीच राहिले.

"मी आळशी झालोय," ते म्हणाले. "कारखान्यात एक मिलिमीटर इकडेतिकडे झालेलं मला खपत नाही. आणि इथे स्वतःलाच अंथरुणातून उठवता येत नाही."

मी म्हटलं, "मला एक दिवस सांगा. फार वाईट नको, फार चांगला नको. साधा. परवाचा मंगळवार सांगा."

माणसाला स्वतःबद्दल विचारलं की तो निकाल सांगतो, दिवसाबद्दल विचारलं की हकीकत सांगतो. म्हणून मी बहुतेकांना साधा दिवसच विचारते, आणि घाई करू देत नाही.

संक्रांतीच्या आधीचा मंगळवार होता. साडेपाचला गजर वाजला. बाहेर काळोख, निफाडकडचा गारठा. गजर बंद केला आणि रजईतच पडून राहिले. झोप लागली नाही. सव्वासहापर्यंत नुसते स्वतःवर चिडत पडले होते. मग उठून पाण्याची मोटर लावली, दूध आणलं, वडिलांना गरम पाणी काढून दिलं, मुलीला क्लासला सोडलं. कंपनीच्या बसने सातपूर. दिवसभर उभ्याने काम. संध्याकाळी परतताना वडिलांच्या रक्तदाबाच्या गोळ्या घेतल्या, चक्कीवरून बाजरीचं दळण आणलं, मुलाला पतंगाचा साधा दोरा घेऊन दिला. नायलॉनचा मांजा नाही, यावरून दुकानातच त्याची समजूत घालावी लागली. पावणेआठला घरी. गिझरचं बटण सैल झालं होतं, ते बसवलं. पत्नी म्हणाली, "रविवारी सिन्नरला आईकडे तिळगूळ द्यायला जायचं का? येताना शेतावर हुरड्यालाही थांबू." त्यावर हे म्हणाले, "मला कुठे वेळ आहे? तुम्ही जा." ती गप्प झाली. जेवण झालं. सगळे झोपल्यावर हे मोबाइल घेऊन बसले, ते साडेबारापर्यंत.

"काय बघत होता?"

"काहीच नाही. क्रिकेटचे जुने तुकडे. कोण कुठली गाडी दुरुस्त करतंय. उद्या विचाराल तर आठवणारही नाही."

"मग दिवस कसा गेला म्हणायचा?"

"वाया."

एवढं सगळं करून वाया. मी तेव्हा त्यांना "किती केलंत तुम्ही!" असं म्हटलं नाही. असल्या कौतुकाने माणूस घटकाभर सुखावतो आणि घरी गेल्यावर पुन्हा तिथेच येतो.

आधी पहाटेचा प्रश्न निकालात काढला. नाशिकला जानेवारीत सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो. २१-२२ डिसेंबरनंतर दिवस मोठा होऊ लागतो हे खरं, पण तो वाढतो संध्याकाळच्या बाजूने. सकाळचं उजाडणं संक्रांतीपर्यंत आणखी लांबतच जातं. साडेबाराला झोपलेला माणूस साडेपाचच्या काळोखात उठत नसेल, तर त्याला आळशी म्हणायचं कारण नाही. पाच तासच झोप झाली आहे, बाहेर उजेड नाही, शरीर आपलं काम बरोबर करतं आहे. रक्तदाब असलेल्यांनी तर कडाक्याच्या थंडीत पहाटे एकदम जोरात चालायला जाऊ नये, हे डॉक्टरही सांगतात.

त्यांना हे पटलं. पण पटलं म्हणून सुटलं नाही. पुढच्या भेटीत ते पुन्हा तेच म्हणाले, फक्त गजर साडेसहाचा झाला होता.

मग मी एक प्रश्न विचारला. पुढचं सगळं त्यातूनच उलगडत गेलं.

"त्या मंगळवारी तुम्ही पहाटे फिरून आला असता असं धरू. बाकी दिवस तोच. तर संध्याकाळी काय वेगळं झालं असतं?"

त्यांनी बराच विचार केला. "घरी आल्यावर चहा घेऊन शांतपणे बसलो असतो. बायकोशी बोललो असतो. सिन्नरला जायला हो म्हटलं असतं."

"गिझरचं बटण?"

"ते बुधवारी बसवलं असतं."

"मग फिरणं झालं नाही तरी हे सगळं करता आलंच असतं की. चहा होता, बायको होती, बटण थांबायला तयार होतं."

"नाही मॅडम," ते पटकन म्हणाले. "फिरणं झालं नाही तर मी बसणार कुठल्या तोंडाने? मी ते कमावलेलं नसतं."

बोलले आणि स्वतःच थबकले. मी काही बोलले नाही. समुपदेशकाने अशा वेळी गप्प राहायचं असतं, आणि ते वाटतं तितकं सोपं नाही.

मग ते वडिलांबद्दल बोलू लागले. वडिलांनी उभी हयात पाळ्यांमध्ये काढली होती. रात्रपाळी करून आले तरी दिवसा काहीतरी ठोकाठोक चालू असायची. मुलगा बसलेला दिसला की एकच प्रश्न, "रिकामा का बसलास?" अभ्यास झालाय हे दाखवल्याशिवाय गल्लीत खेळायला सोडत नसत. "मला अजून वाटतं, आधी काहीतरी करून दाखवलं पाहिजे. मग बसायचं."

"वडील आता काय म्हणतात?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "आता रोज म्हणतात, बस रे जरा. मीच थांबत नाही."

त्यांचं फिरणं साखरेसाठी राहिलंच नव्हतं. संध्याकाळी बसण्यासाठी दाखवायची ती पावती झाली होती. पावती नसली की दिवसभर राबूनही ते स्वतःच्याच घरात खुर्चीवर टेकू शकत नव्हते. पण विश्रांती कुणाला चुकत नाही. उजळ माथ्याने मिळाली नाही की माणूस ती चोरून घेतो. सगळे झोपल्यावर साडेबारापर्यंतचा मोबाइल ही त्यांची चोरून घेतलेली विश्रांती होती. त्या चोरीपायी झोप बुडायची, झोपेपायी पहाट, पहाटेपायी पुन्हा पावती. फेरा असा पूर्ण होत होता, आणि ते बिचारे त्यातल्या एकाच टोकाला धरून ओढत होते, गजराच्या.

मी ज्या विचारधारेत शिकले, ती अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची, विवेकनिष्ठ मानसोपचाराची. १९५०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये त्यांनी ती मांडली आणि मानसतज्ज्ञ कि. मो. फडके यांनी ती मराठी माणसापर्यंत आणली. तिचं सार माझ्या शब्दांत सांगते. प्रसंग आपल्याला त्रास देतो तो प्रसंगामागे आपण धरलेल्या हट्टामुळे, आणि सर्वांत घातक हट्ट म्हणजे स्वतःची किंमत एखाद्या अटीला बांधणं. हे झालं तर मी बरा, नाहीतर मी फुकट. अट व्यायामाची असो, स्वयंपाकाची असो, मुलांच्या मार्कांची असो. ती पूर्ण झाली तरी उद्या पुन्हा उभी राहते.

"वडिलांनी हा नियम तीस वर्षांपूर्वी केला," मी म्हटलं. "त्यांनी तो कधीच सोडून दिला. आता रोज सकाळी तो नव्याने लागू कोण करतं?"

"मीच."

"मग मोडायचा अधिकार कुणाचा?"

ते हसले. माझ्या खोलीत त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

पण नुसतं हसून नियम मोडत नाही, तो अंगाने मोडावा लागतो. मी त्यांना सांगितलं, "या आठवड्यात पहाटे फिरायला जायचं नाही. गजर बंद. त्याऐवजी रोज घरी आल्यावर वीस मिनिटं बसायचं. मोबाइल नाही, टीव्ही नाही. चहा चालेल. आणि ज्या दिवशी कामं राहिली असतील, त्या दिवशी तर नक्की बसायचं."

त्यांना हे औषध विचित्र वाटलं. साखरेचं काय, असं त्यांनी दोनदा विचारलं. मी ठाम राहिले, कारण कमावल्याशिवाय बसता येतं हे त्यांच्या शरीराला कळल्याखेरीज पुढचं काही टिकणार नाही, याची मला खात्री होती.

पहिल्या संध्याकाळी ते थोड्याच वेळात उठले आणि बाल्कनीतला दिवा बदलून आले. दुसऱ्या दिवशी बसून राहिले, पण "पोटात कालवत होतं" म्हणाले. मी म्हटलं, "कालवू द्या. जुना नियम मोडताना तसंच होतं. काही बिघडलं का?" काही बिघडलं नव्हतं. आठवड्याच्या शेवटी वडील शेजारी येऊन बसू लागले. दोघं काय बोलले हे मी विचारलं नाही.

त्यानंतर चालणं आलं, पण पहाटेचं नाही. रात्रीच्या जेवणानंतर पत्नीबरोबर कॉलनीला दोन चकरा, पंधराएक मिनिटं. साखरेच्या दृष्टीने ही वेळ उत्तम, कारण जेवणानंतर चढणारी साखर थोड्याशा चालण्यानेही आटोक्यात राहते. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. पूर्वी त्यात एका वेळी किमान दहा मिनिटांची अट होती, २०२०च्या सूचनांमध्ये तीही काढून टाकली. म्हणजे चक्कीपर्यंत भरभर चालत जाणंही मोजायचं. हे ऐकून ते दळणाला स्कूटरशिवाय जाऊ लागले, याचं मला फार समाधान वाटलं.

सिन्नरचं ठरलं ते याच चकरांमध्ये. संक्रांत होऊन गेली होती, पण तिळगूळ रथसप्तमीपर्यंत चालतो. सासूबाईंना भेटून आले, येताना शेतावर हुरडाही झाला. रात्री पत्नीशी बोलून झाल्यामुळे मोबाइलची ओढ कमी झाली आणि साडेदहा-अकराला झोप लागू लागली. फेब्रुवारीच्या अखेरीस, सकाळी लवकर उजाडू लागलं तेव्हा, एके दिवशी ते आपोआप सहाला जागे झाले आणि बूट घालून बाहेर पडले. "गेलो नसतो तरी चाललं असतं," असं त्यांनी मला मुद्दाम सांगितलं. मला या वाक्याचं मोल चालण्याहून जास्त वाटतं.

तुमच्याही दिवसाचं असंच होत असेल तर वेळापत्रक पुन्हा आखण्याआधी स्वतःला तोच प्रश्न विचारून बघा. राहून गेलेलं ते काम झालं असतं, तर मी स्वतःला कशाची परवानगी दिली असती? उत्तर बहुधा साधंच येतं. बसायची, मैत्रिणीला फोन करायची, संध्याकाळी कुणाला तरी "आज नाही जमणार" म्हणायची. ती गोष्ट आजच करा, काम राहिलेलं असतानाच करा. अवघडल्यासारखं होईल, ते होऊ द्या.

आणि एखादा दिवस चुकला म्हणून सगळं पहिल्यापासून सुरू करायचं नसतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सवयींवर केलेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण माणसामाणसात फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंतचा होता. एखाद्या दिवसाच्या खाड्याने फारसं काही बिघडलं नाही. एकवीस दिवसांत सवय लागते असं ऐकून बाविसाव्या दिवशी स्वतःला नापास करणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

मात्र दोन आठवड्यांहून जास्त काळ मन सतत उदास असेल, कशातच गोडी वाटत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर हा प्रश्न वेळेचाही नाही आणि परवानगीचाही नाही. तेव्हा मनोविकारतज्ज्ञांना भेटा. सरकारच्या टेली-मानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करता येतो, मराठीतही बोलता येतं.

घरच्यांना एक विनंती. संध्याकाळी दारातून आत आलेल्या माणसाला "आज गेलात का चालायला?" हे पहिलं वाक्य ऐकवू नका. काळजीपोटीच विचारता, हे मला माहीत आहे. पण ज्याच्या मनात दिवसभर तोच हिशेब चालू आहे, त्याला ती उलटतपासणी वाटते. चहा टाका, शेजारी बसा, रविवारचं काय करायचं ते बोला. साखरेचं काय ते, जेवण झाल्यावर चालता चालता विचारता येईल.